‘पिठाचे पंजे’ आणि त्यामागचे हात

कै. दादासाहेब फाळके यांचें नांव निघालें कीं, आपल्या डोळ्यांपुढें राजा हरिश्चंद्र उभा राहतो. फार तर लंकादहनांतील मारुति, किंवा कालियाच्या फणेवर नाचणारा बाळकृष्ण. देवदेवतांना पडद्यावर चालविणारा आपल्या देशांतील पहिला माणूस अशी त्यांची कीर्ति आहे, आणि ती यथार्थच आहे. परंतु याच गृहस्थानें आपल्या लोकांना पडद्यावर हंसविण्याचा उद्योगहि अगदीं आरंभापासून केला होता, ही गोष्ट पुष्कळांना सांगितल्यावरहि नवी वाटते. १९१४ सालच्या जानेवारीच्या ३ तारखेस मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरांत ‘मोहिनी भस्मासुर’ हा त्यांचा दुसरा मोठा चित्रपट लागला, तेव्हां त्याच्या जोडीला एक लहानसें विनोदी चित्र दाखविण्यांत आलें. त्याचें नांव ‘पिठाचे पंजे’.

तारीख ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. विनोदी मूकपट म्हटला कीं चार्ली चॅप्लिनचें नांव जगांतील कोणाच्याहि ओठांवर प्रथम येतें. त्या चॅप्लिनचें पहिलें चित्र अमेरिकेंत लोकांपुढें आलें तें त्याच वर्षीं २ फेब्रुवारीस, म्हणजे बरोबर तीस दिवसांनंतर. तोकडा कोट, ढगळ विजार, काठी आणि फेंगडी चाल हें त्याचें जगप्रसिद्ध सोंग तर त्याहूनहि पांच दिवस उशिरां दिसलें. म्हणून फाळक्यांना चॅप्लिनचे गुरु ठरविण्याचा आचरटपणा कोणी करूं नये. दोघांना एकमेकांची वार्ताहि नव्हती. फ्रान्समध्यें तर ल्यूमिएर बंधूंनीं १८९५ सालींच, पाणी घालणाऱ्या माळ्याच्याच तोंडावर पाण्याची चिळकांडी उडवून लोकांना हंसविलें होतें. सांगावयाचें इतकेंच कीं, नाशिकास एका मराठी घरानें विनोदाचें चित्र काढलें तें कोणाच्या यशाची नक्कल म्हणून नव्हे. त्या घरास हंसविण्याची हौस मुळांतच होती.

नांवाकडेच पाहा ना! ‘मोहिनी भस्मासुर’ हें नांव पुराणांतलें. ‘पिठाचे पंजे’ हें स्वयंपाकघरांतलें. कणकेंत बुडालेला हात चुकून कोठें लागला म्हणजे काय होतें, हें आपल्या घरांतील कोणत्याहि मुलीस सांगावें लागत नाहीं. काळ्या सुताड्यावर, निळ्या लुगड्यावर, शिसवी दारावर पांचहि बोटें उठतात आणि करणाऱ्याची चोरी तेथल्या तेथें उघडी पडते. त्या काळच्या फितीला तांबड्या रंगाची ओळख नसे; कपाळावरचें कुंकू पडद्यावर काळें दिसे आणि निळें आकाश कोरें पांढरें. रंगांची अशी फसवाफसवी चाललेली असतां पीठ मात्र पांढरें तें पांढरेंच राही. चित्रकलेच्या शाळेंत शिकलेल्या आणि छायाचित्रांचें दुकान चालविलेल्या माणसाला ही गोष्ट सुचावी यांत नवल नाहीं. आणखी एक गंमत वाटते. मुख्य चित्रपटांतला भस्मासुर आपलाच हात आपल्या मस्तकावर ठेवून भस्म होतो. त्याच खेळांत शेजारीं पिठाचे पंजे! हातांची ही जोडी योगायोगाची असेल, किंवा नसेलहि. मला तरी ती फाळक्यांच्या मिष्किल स्वभावास शोभणारी वाटते.

गंभीर खेळाला हास्याची जोड देणें ही आपल्या रंगभूमीची जुनी रीत आहे. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलीस ‘सीता स्वयंवर’ केलें, तेव्हांपासून सूत्रधाराच्या पाठोपाठ विदूषक रंगभूमीवर येत आला. पुढें रात्रभर पौराणिक कथानक झाल्यावर शेवटीं एखादा फार्स करण्याचीहि चाल पडली. रडून दमलेल्या प्रेक्षकानें हंसत घरीं जावें, हा त्यांतला हेतु. सिनेमाच्या धंद्यांतहि एका चित्रपटावर लोक तृप्त होत नसत. १९१३ सालीं ३ मे रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमांत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्या वेळच्या जाहिरातींत चित्रपटाबरोबर मिस आयरीन डेलमार हिचा नाच, मॅक्लेमेंट्स यांचा विनोदी प्रवेश आणि पायांवर वस्तु फेंकून झेलणारा अलेक्झांडर हीं नांवें झळकत होतीं. हरिश्चंद्राच्या सत्त्वपरीक्षेला विलायती कसरतीची फोडणी! पुढच्याच चित्रपटाच्या वेळीं फाळके घरचेंच विनोदी चित्र घेऊन आले. तोंडीलावणें परक्याकडून कां आणावें, तें आपल्याच चुलीवर कां करूं नये, असा विचार त्यांच्या मनांत आला असावा असें मी समजतों.

या चुलीविषयींच थोडें विस्तारानें सांगावयाचें आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजीं त्र्यंबकेश्वरीं झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान्. त्यांना मुंबईस कॉलेजांत अध्यापनाची जागा मिळाली, म्हणून कुटुंब तिकडे गेलें. शास्त्रीबुवांच्या घरांतला मुलगा पौरोहित्याकडे किंवा वकिलीकडे वळावयाचा, तो १८८५ सालीं जे. जे. कलाशाळेंत शिरला. पुढें बडोद्याचें कलाभवन, गोध्र्यास छायाचित्रांचा धंदा, तेथें प्लेगांत प्रथम पत्नी व मूल यांचा अंत, मग पुराणवस्तु खात्यांत नकाशे काढण्याची नोकरी, लोणावळ्यास ठशांचा व छपाईचा कारखाना, १९०९ सालीं यंत्रांसाठीं जर्मनीचा प्रवास, भागीदारांशीं बेबनाव. एवढ्या उलाढालींत त्यांनीं आणखी एक विद्या पैदा केली, ती जादूची. जादूचे जाहीर प्रयोग करतांना त्यांनीं आपलें आडनांव उलटें करून ‘प्रोफेसर केळफा’ हें नांव घेतलें. आडनांव उलटें वाचून त्याला प्रोफेसर ही पदवी लावणारा गृहस्थ विनोदी चित्र काढील नाहीं तर काय करील?

मुंबईच्या तंबूंत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांना आपल्या कृष्णाचें चित्र काढण्याचा ध्यास लागला, ही कथा सर्वश्रुत आहे. तिची पुनरुक्ति नको. १९१२ च्या फेब्रुवारींत ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या कारखान्यांत विद्या पाहून घेतली, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि १ एप्रिलला घरीं परतलेहि. दोन महिन्यांची ही मोहीम. नंतर दादरच्या राहत्या बंगल्यांतच ‘फाळके फिल्म्स’ कंपनी उभी राहिली. कंपनी म्हणजे काय, तर घर.

या घराच्या मालकिणीचें नांव सरस्वतीबाई. माहेरच्या त्या गिरिजा करंदीकर, किर्लोस्कर नाटक मंडळीच्या चालकांच्या नात्यांतल्या. १९०२ सालीं फाळक्यांच्या घरीं आल्या. त्या काळीं कोरी फीत भोकें न पाडतां येत असे. कॅमेऱ्याच्या दांत्यांत ती बसावी म्हणून दोन्ही कडांना ओळीनें भोकें पाडावीं लागत, आणि तीं अंधाऱ्या खोलींत, कारण प्रकाशाचा एक किरण लागला कीं फीत फुकट. हें काम सरस्वतीबाईंनीं शिकून घेतलें. दिवसा उन्हांत तासन्‌तास पांढरी चादर धरून उभें राहावयाचें, म्हणजे नटाच्या तोंडावर उजेड पडे. चित्रें धुण्याचीं रसायनें त्याच मिसळीत. साठसत्तर माणसांचा स्वयंपाक होताच. भांडवल कमी पडलें तेव्हां अंगावरचे दागिनेहि गेले. तारामतीचें कामहि त्यांनींच करावें असें यजमानांनीं सुचविलें, तेव्हां मात्र त्यांनीं साफ नकार दिला, असें सांगतात. तो नकार मला फार आवडतो. एवढें सगळें करावयाचें आणि वर रोहिताश्वाच्या मृत्यूवर रडावयाचें, हें कोणत्या गृहिणीस परवडेल?

रोहिताश्व झाला त्यांचा मुलगा भालचंद्र. तारामती झाला अण्णा साळुंके, ग्रँट रोडवरच्या एका खाणावळींतला आचारी. स्त्रीभूमिकेसाठीं फाळके जिकडे तिकडे फिरले, बदनाम वस्तींतहि जाऊन आले. परंतु कॅमेऱ्यापुढें उभें राहण्यास एकहि बाई तयार होईना. पुरुष मिळाले, तर ते मिशा उतरवावयास तयार नव्हते, कारण बाप जिवंत असतां मिशी काढणें अशुभ. हे प्रसंग फाळक्यांच्या जिवावर आले असतील, पण आज ऐकतांना हंसूं आवरत नाहीं. वांगणीजवळच्या एका खेड्यांत चित्रण चाललें होतें, तेव्हां ढालीतलवारी घेतलेलीं हीं माणसें पाहून गांवकऱ्यांस दरोडेखोरच आले असें वाटलें आणि फौजदारानें सर्व मंडळींस अडकवून ठेवलें, ही हकीकतहि प्रसिद्धच आहे. नट मंडळींना कोणी विचारलें, तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरींत नोकरीस आहोंत’ असें सांगण्याची ताकीद असे, कारण सिनेमांत काम करणें प्रतिष्ठेचें नव्हतें. हेंच नांव घेऊन परेश मोकाशी यांनीं २००९ सालीं बोलपट काढला व तो विनोदी ढंगानें काढला, हें मला अगदीं योग्य वाटतें.

‘मोहिनी भस्मासुर’ निघाला तोंपर्यंत फाळके कुटुंब नाशिकास आलें होतें. गोदावरीचे घाट, देवळें, डोंगर हें सर्व तेथें आयतें होतें. रंगविलेल्या पडद्यांवर खर्च नको. आणि येथें तें घडलें जें दादरास घडलें नव्हतें. नाटक मंडळींत काम करणाऱ्या दुर्गाबाई कामत यांनीं पार्वतीची व त्यांची मुलगी कमला हिनें मोहिनीची भूमिका केली. आपल्या देशांतील चित्रपटांत दिसलेल्या या पहिल्या स्त्रिया. कमला त्या वेळीं अवघी तेरा वर्षांची होती. पुढें कमलाबाई गोखले म्हणून त्यांनीं रंगभूमीवर दीर्घ काळ गाजविला. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. आईनें व मुलीनें कॅमेऱ्यापुढें उभें राहणें हें तेव्हां घरंदाज समाजांत खपण्यासारखें नव्हतें. लोकांचें बोलणें त्या मायलेकींनीं सोसलें, म्हणूनच तीनचार पिढ्यांनंतर त्याच घराण्यांतल्या नटाचा आपण अभिमानानें उल्लेख करूं शकतों. टीका करणाऱ्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक आहेत?

म्हणजे ३ जानेवारीच्या त्या एका खेळांत दोन नव्या गोष्टी एकत्र आल्या होत्या. एक, पडद्यावर स्त्रीच्या भूमिकेंत स्त्री. दुसरी, देवाच्या गोष्टीशेजारीं घरगुती हंसें. पहिलीचा इतिहास झाला. दुसरीचें नांव तेवढें राहिलें.

‘मोहिनी भस्मासुर’ची लांबी ३,२४५ फूट होती. हातानें फिरवावयाच्या यंत्राचा वेग कमीअधिक होई. तरी सेकंदाला एक फूट असा ढोबळ हिशेब धरला, तर पाऊणएक तासाहून थोडा अधिक खेळ. त्यापुढें विनोदी चित्र म्हणजे पानांतली चटणी. चटणी वाटण्यास श्रम कमी पडत नाहींत, पण पाहुणा घरीं जाऊन सांगतो तो पुरणपोळीविषयीं! त्याच वर्षीं फाळके पुन्हां लंडनला गेले, तेव्हां ‘राजा हरिश्चंद्र’, ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ हे तीन पट बरोबर होते. इंग्रज जाणकारांनीं कारागिरीची वाहवा केली. हेपवर्थ यांनीं तिकडेच राहून चित्रपट काढण्याचें सुचविलें. फाळक्यांनीं तें नाकारलें, कारण धंदा आपल्या देशांत उभा करावयाचा होता. लवकरच महायुद्ध पेटलें आणि कच्च्या फितीचे व पैशाचे वांधे झाले.

अशा अडचणीच्या काळांत लहान चित्रांचा उपयोग मोठा. आगकाड्या आपोआप हलून आकृति करीत आहेत असें दाखविणारी ‘आगकाड्यांची मौज’ त्यांनीं काढली. ही युक्ति दिसावयास सोपी, करावयास प्राणांतिक. काडी केंसभर सरकवावी, कॅमेऱ्याचें एक चित्र घ्यावें, पुन्हां केंसभर सरकवावी. एका फुटांत अशीं सोळा चित्रें. ‘राजा हरिश्चंद्रा’च्याहि आधीं, सावकारांस खात्री पटावी म्हणून, कुंडींत पेरलेल्या वाटाण्याचा वेल रोज थोडथोडा टिपून त्यांनीं ‘अंकुराची वाढ’ तयार केली होती. ती पाहून पैसे मिळाले. तोच धीर पुढें काड्यांना लागला. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या चित्रांत त्यांनीं आपला कारखानाच लोकांस दाखविला. ‘प्रोफेसर केळफा’ यांचे जादूचे प्रयोगहि पडद्यावर आणले. या दोन्हींचे तुकडे आज उपलब्ध आहेत आणि ज्यांनीं पाहिले नसतील त्यांनीं अवश्य पाहावे. हातचलाखी करतांना फाळक्यांच्या चेहऱ्यावर जी गंभीर मुद्रा असते, ती पाहूनच हंसूं येतें. स्वतः न हंसतां दुसऱ्यास हंसविणें, ही कला त्यांस साधली होती.

मूकपट नष्ट कसे झाले, याचें कारण त्यांच्या अंगांतच होतें. त्या वेळची फीत नायट्रेटची असे; ती भडकन् पेट घेई, आणि पेटली नाहीं तरी ओलाव्यांत चिकट होऊन तिची भुकटी होई. शिवाय फितींत चांदी असते. १९३१ सालीं ‘आलम आरा’, १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ असे बोलपट आले आणि मुके पट कवडीमोल झाले. मग कित्येकांनीं ते चांदीसाठीं गाळून टाकले. देशांत तेराशेंच्या घरांत मूकपट निघाले, त्यांपैकीं मूठभर राहिले. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें व पी. के. नायर यांनीं खटपट करून फाळक्यांच्या चित्रांचे अवशेष मिळविले, म्हणून निदान तेवढे तरी आपल्या दृष्टीस पडतात. जतन करण्याची वेळ येते तेव्हां माणूस देवाचें चित्र आधीं उचलतो, हेंहि खरें. आमच्या घरांतूनहि पोथ्या जपून ठेवल्या गेल्या आणि विनोदी मासिकांचे अंक रद्दीच्या तराजूंत गेले!

पण हंसणें अशा रीतीनें पुसलें जात नाहीं. १९१९ चा ‘कालिया मर्दन’ पाहिला म्हणजे ‘पिठाचे पंजे’ काढणारा हात त्यांत स्पष्ट ओळखूं येतो. गेल्या दिवाळींत आम्हीं तो पाहिला. जुन्नर तालुक्यांत ओतूर व आळेफाटा यांच्या दरम्यान पिंपरी पेंढार हें गांव आहे. तेथें आमचें मूळ घर असून सणाला सर्व बिऱ्हाडें जमतात. पुतण्यानें आपल्या संगणकावरून भिंतीवर चित्र पाडलें. ‘आवाज कोठें आहे?’ म्हणून लहान मुलें प्रथम कुरकुरलीं. मग ऐंशी वर्षांच्या आमच्या आत्याबाई आपण होऊन सांगूं लागल्या, ‘तो बघ, आतां शिंक्याला हात घालतोय,’ ‘ती बघ, काठी घेऊन आली.’ मूकपटाच्या काळीं थिएटरांत कथा सांगणारा माणूस उभा असे. तें काम कोणी न सांगतां त्यांच्याकडे आलें. श्रीमंत सावकार व त्याची बायको झोंपलीं आहेत, कृष्ण हळूच शिरतो आणि त्याची दाढी व तिचे केंस यांची गांठ मारून ठेवतो. इतकें झाल्यावर भिंतीपुढें बसलेल्या चार पिढ्यांत कोणीहि गप्प राहिला नाहीं.

शेजारच्या वाड्यांतले दोघे गृहस्थ खेळास आले होते. त्यांतील एक म्हणाले, ‘हा तर आपला सोंगाड्याच!’ त्यांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. येथून जवळच असलेल्या नारायणगांवीं जत्रांच्या हंगामापूर्वीं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गांवोगांवचे लोक येऊन सुपाऱ्या देतात. त्या फडांतला सोंगाड्या तोंडानें बोलतो खरा, पण निम्मा विनोद भुवईचा, मानेचा आणि पायाचा असतो. फाळक्यांनीं विलायतेंतून कॅमेरा आणला. हंसें आणलें नाहीं, तें येथलेंच होतें. बहुरूपी, भारुडांतलीं सोंगें, फार्सांतले नोकर, यांना नुसतें पाहूनच हंसण्याची संवय आपल्या लोकांना होती. म्हणून त्यांच्या विनोदास पाट्या वाचतां न येणारा प्रेक्षकहि हंसला. कलकत्त्यास धीरेंद्रनाथ गांगुली यांच्या ‘बिलात फेरत’नें १९२१ सालीं विलायतेहून परतलेल्या बाबूची थट्टा केली, ती सुशिक्षितांची करमणूक होती, फाळक्यांचा विनोद त्याहून धाकटा आणि खोडकर आहे. मला तो अधिक जवळचा वाटतो, कारण त्यांत कोणाचा पाणउतारा नाहीं.

कृष्ण झाली आहे फाळक्यांची कन्या मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभींच तिची ओळख करून दिली आहे, ती सात वर्षांच्या मुलीच्या मुखाभिनयाचा नमुना म्हणून. ती रुसते, रागावते, हंसते, आणि बघतां बघतां त्या चेहऱ्याचा मोरमुकुटधारी कृष्ण होतो. प्रथम मुलगी दाखवावयाची आणि मग देव, हें धाडस जादूगारालाच सुचेल. युक्ति आधीं उघड करून तो मग फसवितो.

चित्र संपल्यावर आत्याबाईंनीं विचारलें, ‘ही पोर कोणाची?’ फाळक्यांची, असें मीं सांगितलें. ‘तें कळलें रे, आई कोण हिची?’ मग मीं सरस्वतीबाईंची सर्व हकीकत सांगितली, अंधाऱ्या खोलींत फितीला पाडलेलीं भोकें, उन्हांत धरलेल्या चादरी, साठसत्तर पानें. आत्याबाई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग पुतण्याकडे वळून म्हणाल्या, ‘पहिल्यापासून लाव पुन्हां. मघाशीं मी नीट पाहिलें नाहीं.’